आधीचे सर आणि आत्ताच्या बाई

(कोथरूडच्या एका प्राध्यापकांचं पत्र. मूळ पत्र चार पानी आहे. नावगाव काढून थोडक्यात देते.)

"ताई, सप्रेम नमस्कार. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विभागप्रमुख आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे नव्या प्राचार्या आल्या. आमच्या कॉलेजला बाई प्राचार्य मिळण्याची ही पहिलीच वेळ. मूळच्या नंदुरबारकडच्या, आदिवासी समाजातल्या. जागा खुली होती, रीतसर मुलाखती होऊन निवड झाली. तरी स्टाफरूममध्ये 'कोटा' हा शब्द रोज कानावर पडतो. बाईंचं बोलणं फटकळ, स्वभाव हेकट. भाषणात 'आनि', 'पानी' म्हणतात, पालकांसमोर आम्हाला अवघडल्यासारखं होतं. आल्या आल्या सगळ्यांना हजेरीसाठी थंब लावायला लावलं. ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे परीक्षा फॉर्म त्यांच्या सहीसाठी अडकले, 14 तारखेची मुदत गेली आणि पोरांना लेट फी भरावी लागली. आता त्यांचं वर्ष पुरं होतंय म्हणून संस्थेने तीन ज्येष्ठ विभागप्रमुखांकडून लेखी मत मागवलंय. माझा मसुदा सोबत जोडला आहे. तो मी अमेरिकेतल्या मुलीला फोनवर वाचून दाखवला, तर म्हणाली, 'बाबा, केतांजी ब्राउन जॅक्सनचे (अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या कृष्णवर्णीय न्यायाधीश) मार्क विचारणाऱ्या त्या टीव्हीवाल्यात आणि तुमच्यात काय फरक?' दोन आठवडे झाले, आमचं धड बोलणं नाही. अमेरिकेतला वर्णद्वेष कुठे आणि आमच्या कॉलेजातली कुरबुर कुठे! मी आयुष्यात कधी जात पाहिली नाही. बाई आहे, आडभागातून आली आहे, म्हणून तिच्या चुका बोलायच्याच नाहीत का?

ता. क. त्या येण्याआधी सात महिने मी प्रभारी प्राचार्य होतो."

सर, सप्रेम नमस्कार.

पत्र ता. क.पासून वाचायची खोड मला बँकेत लागली. कर्ज मागणारा माणूस चार पानं धंद्याचं कौतुक सांगतो आणि आधीच्या हप्त्यांचं तळाशी बारीक अक्षरात लिहितो. तुमचंही मी तिथूनच वाचायला घेतलं. पण ते तुम्ही लिहिलंत, लपवलं नाहीत, याची मी नोंद घेतली आहे. त्याकडे शेवटी येते.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. चुका बोलायच्या. लेट फीची गोष्ट तर बोलायलाच हवी. ज्या मुलाचे वडील रिक्षा चालवतात त्याला ते पैसे जड जातात. अडचण तुमच्या मसुद्यातल्या बाकीच्या अठरा वाक्यांची आहे.

हो, मोजली. पेन्सिल घेऊन बसले होते. एकूण वाक्यं एकोणीस. त्यात त्यांचा उल्लेख 'बाई' किंवा 'सदर महिला' असा अकरा वेळा. 'प्राचार्या' हा शब्द एकदाच, तोही वर विषयाच्या ओळीत. आधीचे प्राचार्य मात्र सगळीकडे 'सर'. आपल्याकडे शाळेतल्या बाई म्हणजे मायेचा शब्द, हे मला ठाऊक आहे, मीही बाईंच्याच हाताखाली शिकले. पण संस्थेच्या कागदावर एकाला पदाने ओळखायचं आणि दुसरीला बाईपणाने, हे मायेतून होत नाही. पदावरच्या बाईला काय म्हणावं यावर देश अडखळतो, तुम्ही एकटे नाही. 2007 साली आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'पती' या शब्दावरून केवढा काथ्याकूट झाला होता! 2022 साली द्रौपदी मुर्मू, पहिल्या आदिवासी राष्ट्रपती, त्या पदावर बसल्या आणि आठवडाभरात लोकसभेतल्या काँग्रेसच्या गटनेत्याच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' निघालं. लेखी माफी मागावी लागली.

आता तुमची विशेषणं. नव्या प्राचार्या 'हेकट', 'फटकळ'. आधीचे सर, तुमच्याच मसुद्यात, 'एक घाव दोन तुकडे करणारे', 'स्पष्टवक्ते'. सर, हे एकाच स्वभावाचं वर्णन आहे. मराठीत त्यासाठी दोन कपाटं आहेत: एकात करारी, कडक, शिस्तीचा, खमक्या, दुसऱ्यात हेकट, फटकळ, आगाऊ, कजाग. आपण कपाट आधी निवडतो आणि मग त्यातला शब्द काढतो. माझं ऐकाल तर एक करून बघा. प्रत्येक वाक्यात त्यांच्या जागी आधीच्या सरांचं नाव घाला आणि मोठ्याने वाचा. 'सरांनी आल्या आल्या थंब सुरू केलं' हे वाक्य तक्रारीचं वाटतंय का कौतुकाचं? (आणि जाता जाता: थंबचा निर्णय त्यांचाच होता की संस्थेचं पत्र आलं होतं, ते बघून घ्या.)

इथेच तुमच्या मुलीचा मुद्दा येतो. ती रागाच्या भरात बोलली, पण उदाहरण भलतंसलतं नाही.

2020च्या प्रचारात बायडेन यांनी शब्द दिला होता की सुप्रीम कोर्टावर कृष्णवर्णीय महिला नेमेन. फेब्रुवारी 2022मध्ये त्यांनी जॅक्सन यांचं नाव दिलं. लगेच सूर निघाला, 'म्हणजे गुणवत्ता बघितलीच नाही.' टकर कार्लसन नावाच्या टीव्ही निवेदकाने तर त्यांचा एलसॅटचा स्कोअर मागितला. एलसॅट ही वकिलीच्या कॉलेजात शिरण्याआधीची प्रवेश परीक्षा. बाई हार्वर्डमधून वकिली शिकून 1996मध्ये बाहेर पडलेल्या, 2013पासून न्यायाधीश, त्याआधी गरीब आरोपींच्या बचावासाठी सरकारी खर्चाने वकिली केलेल्या. आणि प्रश्न काय, तर तरुणपणी दिलेल्या प्रवेश परीक्षेत किती पडले. तुमच्या स्टाफरूममध्ये, पान तीनवर तुम्हीच लिहिलंय, कुणीतरी नव्या प्राचार्यांचे बारावीचे मार्क विचारले होते. सर, सरांचे बारावीचे मार्क किती होते?

बायडेन यांनी शब्द देऊन नेमलं ही गोष्टही नवी नव्हती. रेगन यांनी ऑक्टोबर 1980मध्ये, ऐन प्रचारात, महिला न्यायाधीश नेमण्याचं वचन दिलं आणि पुढच्या वर्षी सँड्रा डे ओकॉनर यांना नेमलं. सेनेटमध्ये 99 विरुद्ध 0 मतांनी मंजुरी. ट्रम्प यांनी 2020मध्ये आधी सांगितलं की बाईच नेमणार आणि एमी कोनी बॅरेट यांना नेमलं. तेव्हा 'उरलेल्या पुरुषांवर अन्याय झाला' असा गळा ज्यांनी काढला नाही, त्यांचा गळा 2022मध्ये मोकळा झाला. पण इथे हात आखडता घेते, कारण तुम्ही विज्ञानाचे आहात आणि मला पकडाल. बॅरेट यांना 52 विरुद्ध 48, जॅक्सन यांना 53 विरुद्ध 47. चाळीस वर्षांत तिथलं राजकारणच दुभंगलंय, आता तिथे गोऱ्या बाईलाही 99 मतं पडत नाहीत. म्हणून मतांच्या आकड्यावरून पूर्वग्रह सिद्ध होत नाही. प्रवेश परीक्षेच्या मार्कांवरून होतो. तो प्रश्न ना ओकॉनर यांच्या वाट्याला आला, ना बॅरेट यांच्या.

'तो अमेरिकेतला वर्णद्वेष, आपल्याकडे कुठे' असं तुम्ही म्हणता. मार्च 2025मधली केरळची गोष्ट सांगते. तिथे मुख्य सचिवपदी शारदा मुरलीधरन होत्या. त्यांच्या आधी त्याच खुर्चीवर त्यांचे पती व्ही. वेणू. कुणीतरी त्यांना म्हणालं की नवऱ्याचा कारभार जितका गोरा होता तितकाच तुमचा काळा आहे. त्यांनी ते फेसबुकवर लिहिलं, आधी काढून टाकलं, मग पुन्हा सविस्तर लिहिलं. चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारलं होतं, मला परत पोटात घालून गोरी करून बाहेर काढता येईल का? राज्याचा कारभार चालवणारी बाई साठीच्या उंबरठ्यावर हे लिहिते. आता हेच मराठीत म्हणून बघा: 'काळा कारभार'. आपल्या भाषेत तो शब्द आधीच तयार ठेवलेला आहे, त्यात बाईला नुसतं बसवायचं. तुमच्या पत्रात प्राचार्यांच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही, हे मी मुद्दाम तपासलं. बरं वाटलं.

पण 'आनि' आहे.

सर, मी सदाशिव पेठेत वाढले. न आणि ण यांच्यावरून माणसाची अख्खी कुंडली मांडणारी मंडळी मी घरात पाहिली आहेत, त्यात माझी आई पहिली. आमच्या दारात एक भाजीवाली यायची. आई तिच्याकडून मेथी घ्यायची, निवडता निवडता तिचं 'लोनी', 'पानी' आम्हाला करून दाखवायची आणि आम्ही खो खो हसायचो. त्या हसण्यात जात होती का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर आईही म्हणाली असती, 'मी आयुष्यात कधी जात पाहिली नाही.' खरंच पाहिली नसेल. कानाने ऐकली. न्यूयॉर्कमध्ये ज्याचा माग रंगावरून काढतात, त्याचा माग पुण्यात आडनावावरून आणि ण वरून काढतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच केलं: खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय आडनावाला बोलावणी जास्त, दलित आडनावाला कमी, मुस्लिम नावाला त्याहून कमी. अर्ज उघडणाऱ्यांतल्या प्रत्येकाने म्हटलं असतं की आम्ही फक्त पात्रता बघतो. आणि तुमच्या कॉलेजात धुळे, नंदुरबार, गडचिरोलीहून येऊन हॉस्टेलवर राहणारी मुलं असतीलच. ज्या पालकांसमोर तुम्ही अवघडता, त्यात त्या मुलांचे आईवडीलही बसलेले असतात. त्यांना ते 'आनि' ऐकून काय वाटत असेल, हे कधी कुणाला विचारलंत?

पश्चिम बंगालमधला एक प्रयोग तुम्हाला आवडेल, कारण त्यात कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, आहे. ग्रामपंचायतींच्या प्रधानपदाचं महिला आरक्षण तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखं फिरतं, त्यामुळे काही गावांनी बाई प्रधान पाहिली होती, काहींनी नाही. संशोधकांनी गावकऱ्यांना प्रधानाचं एक भाषण ऐकवलं. मजकूर अक्षर न् अक्षर तोच, फक्त काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे बाई कधी खुर्चीत बसलीच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी जोखलं. जिथे एकदा बसून गेली होती तिथे ती तफावत पुसली गेली. हा अभ्यास 2009मध्ये छापून आला. त्यातली मला सर्वात खरी वाटणारी गोष्ट अशी: गावकऱ्यांची आवड बदलली नव्हती. पुढारी पुरुषच बरा, असंच ते म्हणत होते. फक्त समोरच्या बाईचं काम जोखताना त्यांचा काटा सरळ झाला होता. आणि तो सरळ होईपर्यंतची किंमत पहिल्या बाईने मोजली होती. काम चांगलं करूनही तिला लोकांकडून शेरे कमीच मिळाले. तुमच्या कॉलेजात ही पहिली बाई आहे.

बायका असं करत नाहीत, असं मात्र समजू नका. मी केलंय. साधारण तीस वर्षांपूर्वी, लक्ष्मी रोडवरच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर, आमच्या बँकेच्या बढतीच्या मुलाखती चालल्या होत्या. पॅनलवर तिघे, त्यात मी एकटी बाई, आणि बाई म्हणून मला वाटायचं की बायकांना विचारायचे प्रश्न मीच विचारावेत. एक उमेदवार आली. हातात प्लास्टिकची फाइल, पदराला पिन, सगळी उत्तरं चोख. मी विचारलं, 'मुलं लहान आहेत. बदली सोलापूरला झाली तर?' तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, 'मॅडम, माझ्या आधी जे बाहेर पडले त्यांनाही दोन मुलं आहेत. त्यांना विचारलंत?' नव्हतं विचारलं. त्यांना मी सोन्याच्या कर्जाबद्दल विचारलं होतं. मला लाज वाटायला हवी होती, मला राग आला. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'किंचित उद्धट', आणि दोन मार्क कमी दिले. त्या वर्षी तिची बढती हुकली. दोन मार्कांनीच हुकली का, हे बघायचं धैर्य मला झालं नाही.

तोवर मला सी. बी. मुथम्मा माहीत असायला हव्या होत्या. भारताच्या परराष्ट्र सेवेतल्या त्या पहिल्या महिला, 1949पासूनच्या. त्या सेवेचा नियमच असा होता की बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे काम नीट होणार नाही असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला लावता यायचं. पुरुषाला संसार नसतोच बहुधा. त्यांना वरच्या श्रेणीची बढती नाकारली तेव्हा कारण दिलं गुणवत्तेचं. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि खटला चालू असतानाच सरकारला त्यांची गुणवत्ता अचानक दिसू लागून बढती मिळाली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1979च्या निकालात त्या नियमांची सालटी काढली आहेत. 'गुणवत्ता' हा शब्द मी ते कळल्यापासून जरा उन्हात धरून बघते.

तर मसुदा. पेन्सिलने मी काय काय खोडलं ते परत पाठवलेल्या प्रतीवर दिसेलच, इथे थोडं सांगते. विशेषणं सगळी गेली. ज्या वाक्याला तारीख, कागद किंवा साक्षीदार नाही ते गेलं. भाषणाच्या मराठीचं वाक्य गेलं. 'स्टाफमध्ये नाराजी आहे' हे राहू द्यायचं असेल तर किती जणांची, कशावरून, आणि सरांच्या पहिल्या वर्षी किती होती, ते लिहा. 2010मध्ये मीरा बोरवणकर पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या तेव्हा आमच्या सहकारनगरच्या दूध केंद्रावरही नाराजी होती, बाईंनी कामाला हात लावायच्या आधीच. लेट फीचं वाक्य राहिलं, उलट मी ते वाढवायला सांगते: फॉर्म कार्यालयातून त्यांच्या टेबलावर कधी गेले, सही होऊन कधी आले, किती मुलांना भुर्दंड बसला, आणि मागच्या तीन वर्षांत असं कधी झालं होतं का. झालं असेल तर तेही. मुख्य म्हणजे त्यांच्याकडून काय झालं ते त्यांना विचारा. तुमच्या चार पानांत त्यांच्याशी तुमचं बोलणं झाल्याचा एकही उल्लेख नाही, वर्षभरात.

आणि जे बरं झालं तेही त्याच मापाने. तुम्ही ओझरतं लिहिलंय की प्रयोगशाळेचं अडलेलं अनुदान जानेवारीत सुटलं. कुणी सोडवलं? सरांच्या काळात सुटलं असतं तर 'सरांनी सोडवलं' असं लिहिलं असतंत. इथे ते आपोआप सुटलंय.

पहिली ओळ मी नवी घातली आहे: 'विद्यमान प्राचार्या रुजू होण्यापूर्वी सात महिने मी प्रभारी प्राचार्य होतो, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.' तळाशी नको, वर. तुम्हाला ते पद हवं होतं का, हे मी विचारत नाही. हवं असलं तर त्यात काही वावगं नाही, सात महिने गाडा ओढल्यावर कुणालाही वाटेल. पण ते कागदावर आलं की पुढचं वाक्य लिहिताना तुमचाच हात थोडा थांबेल. संस्थेतही वाचणाऱ्याचा विश्वास वाढेल, हा व्यवहार आहेच.

मुलीला फोन लावा. मसुदा वाचून दाखवू नका, नुसतं सांगा की एकोणीसची सहा वाक्यं झाली. ती हसेल. तिने तुम्हाला त्या टीव्हीवाल्याच्या पंगतीत बसवलं हे जरा जास्तच झालं. त्याने कुणाला पत्र लिहून 'माझं चुकतंय का' असं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मंगळवारपर्यंत मत द्यायचंय म्हणता. त्याआधी कार्यालयातलं परिपत्रक काढून ती मुदतीची तारीख एकदा बघून घ्या. पत्रात तुम्ही 14 ऑगस्ट लिहिली आहे, मसुद्यात 17.

तुमची,
ताई